मुलांचे सपाट पाय आणि इनसोल: ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्या पालकांसाठी

शाळेत आरोग्य तपासणी झाली की डायरीत चिठ्ठी येते: ‘फ्लॅट फूट, तज्ज्ञांना दाखवावे.’ त्या रात्री आई-बाबा दोघंही मोबाइल घेऊन बसतात, आणि सकाळपर्यंत कणा वाकडा होण्यापासून गुडघे झिजण्यापर्यंत सगळं वाचून झालेलं असतं.

माझ्या दोन्ही मुलांचे पाय सपाट आहेत. थोरला तेरा वर्षांचा, त्याच्या बुटात इनसोल, म्हणजे तळव्याला आधार देणारे आतले सोल, आहेत. धाकटी सहा वर्षांची, तिला दिलेले नाहीत आणि सध्या देणारही नाही. थोरल्याचे पाय दुखायचे, धाकटीचे दुखत नाहीत, एवढाच फरक. दोघांच्या पायांचा आकार शेजारी ठेवला तर तिचाच जास्त सपाट दिसेल.

इनसोल चष्म्यासारखे असतात. घातले की सोय होते, काढले की डोळे होते तसेच. तळव्याच्या आतल्या बाजूची कमान ‘तयार करण्यासाठी’ कुणी इनसोल विकत असेल तर तिथेच थांबा. १९८९ साली अमेरिकेत १२९ लहान मुलांवर झालेला एक अभ्यास अस्थिरोगतज्ज्ञांना चांगला ठाऊक आहे. काही मुलांना खास बूट आणि इनसोल, काहींना काहीच नाही, असं तीन वर्षं चाललं. शेवटी सगळ्यांचे पाय सारखेच सुधारले होते, म्हणजे वयानुसार जे व्हायचं तेच झालं होतं. दुखणं, लवकर थकणं, बूट एका बाजूने झिजणं यासाठी मात्र इनसोलचा उपयोग होऊ शकतो. आमच्या घरी झाला.

आधी मुलाचं वय बघा

बाळाच्या तळव्याखाली चरबीची गादी असते आणि सांधे सैल असतात, त्यामुळे चालायला लागलेल्या जवळजवळ सगळ्या मुलांचे पाय सपाटच दिसतात. कमान हळूहळू घडते, आठ-दहा वर्षांपर्यंत तिचं काम चालू असतं. तीन-चार वर्षांचं मूल धावतंय, उड्या मारतंय आणि पाय सपाट आहेत, तर बहुतेक डॉक्टर ‘सोडून द्या’ म्हणतात. पालकांना हे पटत नाही, कारण फी देऊन काहीच न मिळाल्यासारखं वाटतं.

काहींची कमान मोठेपणीही येत नाही, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आयुष्यभर त्याचा पत्ताही नसतो. सपाट पाय घराण्यात चालत येतात. आजी-आजोबांना एकदा लादीवर उभं करून बघा. आमच्या सासऱ्यांचा तळवा अख्खा टेकतो, आणि आळंदीहून पंढरपूरपर्यंतची पायी वारी त्यांनी याच पायांनी केली आहे.

घरी काय बघायचं

ओल्या पायाचा लादीवरचा ठसा सगळेच बघतात. त्यातून पाय सपाट आहे एवढंच कळतं, आणि ते तर आधीच माहीत असतं. खरी माहिती चवड्यांवर उभं केल्यावर मिळते.

मुलाला अर्धी पँट घालून, अनवाणी, भिंतीकडे तोंड करून उभं करा. हाताच्या बोटांनी भिंतीला जेमतेम आधार. तुम्ही मागे जमिनीवर बसा, म्हणजे तुमची नजर त्याच्या घोट्यांच्या उंचीवर येईल. साधं उभं असताना टाचेमागची जाड शीर सरळ खाली न उतरता बाहेरच्या बाजूला झुकलेली दिसेल, आणि घोट्याच्या बाहेरून करंगळीबरोबर तिच्या शेजारची एक-दोन बोटंही डोकावतील. आता म्हणा, ‘चवड्यांवर उभा राहा.’ टाचा उचलल्या की त्या आतल्या बाजूला वळायला हव्यात आणि तळव्याखाली कमान उमटायला हवी. तसं झालं तर पाय लवचिक आहे. मुलांमधले बहुतेक सपाट पाय याच प्रकारचे. टाच वळलीच नाही, तळवा तसाच सपाट राहिला किंवा मुलाला चवड्यांवर उभंच राहता येईना, तर पाय ताठर असण्याची शक्यता आहे. मग घरगुती प्रयोग बंद करून डॉक्टर गाठायचा.

अजून एक तपासणी आपल्याकडे सहज होते. मुलाला उकिडवं बसवा, दोन्ही तळवे पूर्ण टेकवून. टाचा वर उचलल्या जात असतील किंवा मूल मागे कोलमडत असेल तर पोटरी आखडलेली असू शकते. ही गोष्ट डॉक्टरांना जरूर सांगा. आखडलेल्या पोटरीखाली कडक इनसोल दिला तर तळव्याच्या मध्यावर दाब येऊन दुखणं वाढतं.

मग बूट उलटे करा. शाळेचे जुने बूट टाचेच्या आतल्या कडेने झिजलेत का? टेबलावर ठेवून मागून बघितले तर आत कलंडलेत का? सोसायटीच्या लांब पॅसेजमध्ये मुलाला पुढे चालायला सांगून मागून मिनिटभराचा व्हिडिओ घ्या, जमिनीलगत मोबाइल धरून. दवाखान्यात मुलं शहाण्यासारखी चालतात, त्यामुळे हा व्हिडिओ फार कामाला येतो.

आणि चार दिवस विचारत राहा. नुसतं ‘पाय दुखतात’ यावरून काही ठरत नाही. तळव्याची आतली बाजू, घोट्याच्या आतला भाग, पोटरी, की टाच? खेळून आल्यावर, की झोपेत? तलावपाळीला एक फेरी झाली की कडेवर घ्यायला सांगणारं सहा वर्षांचं मूल कदाचित लाडात असेल, कदाचित खरंच थकलं असेल. पण पकडापकडीत एरवी पुढे असणारं मूल हळूच बाजूला बसायला लागलं तर ती गोष्ट मी जास्त गांभीर्याने घेईन. आठ ते चौदा वयाच्या खेळाडू मुलांची टाच दुखत असेल तर त्यामागे टाचेच्या वाढत्या हाडाला आलेली सूज असू शकते. ती सपाट पाय नसलेल्या मुलांनाही होते आणि तिचा इलाज वेगळा.

पुढच्यापैकी काही दिसलं तर इनसोलचा विचार बाजूला ठेवून थेट डॉक्टरकडे जा: एकच पाय सपाट आहे आणि दुसरा नाही, आधी कमान होती आणि आता गेली, सूज आहे, लंगडणं आहे, रात्री दुखून जाग येते, घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो, मूल सतत पडतं, जिना चढताना अडखळतं, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकून वर येतं. शेवटची खूण स्नायूंच्या आजाराची असू शकते, तिथे बालरोगतज्ज्ञ आधी. वारंवार मुरगळणारा ताठर पाय साधारण आठ ते सोळा या वयात लक्षात येतो. त्यात कधी कधी पायातली दोन हाडं एकमेकांना जोडलेली निघतात. ते साध्या तपासणीत कळत नाही, एक्स-रे आणि पुढे सीटी स्कॅन लागतो.

कुणाकडे जायचं

पहिला माणूस अस्थिरोगतज्ज्ञ, जमल्यास मुलांचा अस्थिरोगतज्ज्ञ. दुकानदार नाही, आणि सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी लागणारं ‘मोफत फूट स्कॅन’ शिबिर तर नाहीच. त्या स्कॅनमध्ये पायाचं चित्र लाल-पिवळं-हिरवं दिसतं आणि लाल रंग बघून आईचा जीव खाली-वर होतो. लाल म्हणजे तिथे दाब जास्त, इतकंच. उभ्या माणसाच्या टाचेखाली तो असणारच. त्याच टेबलावर इनसोलची ऑर्डर घेत असतील तर निदान आणि विक्री एकाच खिशात चालली आहे हे समजून घ्या.

ठाण्याकडच्यांना कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय आणि नेरूळचं डी. वाय. पाटील रुग्णालय. फक्त मुलांचं म्हणाल तर परळचं वाडिया रुग्णालय. ठाण्याहून स्लो लोकलने परळला उतरलं की फार लांब नाही. इनसोल आणि इतर आधार-साधनं बनवण्यासाठी हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. ठाण्याहून दादरला बदलून पश्चिम रेल्वेने महालक्ष्मी, नवी मुंबईहून कुर्ला आणि दादर अशा दोन बदल्या. लहान मुलाला घेऊन सकाळच्या गर्दीत हा प्रवास सोपा नाही, पण खाजगीतला खर्च झेपत नसेल तर ही जागा माहीत असावी. कुठेही जायचं तर ओपीडीचे वार आधी विचारून घ्या.

माप घेऊन इनसोल बनवणारा माणूस हा ‘प्रोस्थेटिस्ट अँड ऑर्थोटिस्ट’ असतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, चांगला माणूस स्वतःहून सांगतो.

जाताना रोजचे बूट, मोजे, आधीचे इनसोल असतील तर ते, आणि तो व्हिडिओ न्या. मुलाने चवड्यांवर उभं राहून दाखवल्यावर, घोटा वर-खाली, आत-बाहेर फिरवून बघितल्यावर बरंचसं निदान होतं, प्रत्येकाला एक्स-रे लागत नाही. काढलाच तर तो उभं राहून काढलेला हवा, झोपवून काढलेल्यात सपाटपणा कळत नाही. आणि डॉक्टरांना चार गोष्टी सरळ विचारा. पाय लवचिक आहे की ताठर? पोटरी आखडलेली आहे का? इनसोल नेमका कशासाठी देताय? किती दिवसांनी पुन्हा दाखवायचं? तिसऱ्या प्रश्नाला ‘पुढे त्रास होऊ नये म्हणून’ असं उत्तर आलं आणि मुलाला आज काहीच दुखत नसेल, तर मी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेईन. न दुखणाऱ्या लवचिक पायाला इनसोल दिल्याने पुढचा त्रास टळतो असा पुरावा नाही.

रेडिमेड की मापाचे

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर हा प्रश्न येतो. औषधाच्या दुकानातला मऊ जेलचा सोल म्हणजे गादी. टाचेला बरं वाटतं, पण सपाट पायाला आधार मिळत नाही. बोटाने दाबला की पूर्ण बसणारा सोल मुलाच्या वजनाखालीही बसणारच.

रेडिमेड इनसोल काही शेकड्यांत येतात, मापाचे काही हजारांत जातात. माझं मत: लवचिक पाय, साधं दुखणं, अशा वेळी सुरुवात चांगल्या रेडिमेडनेच करा. मुलांच्या साध्या सपाट पायांना मापाचे इनसोल रेडिमेडपेक्षा सरस ठरतात असं अभ्यासांतून पक्कं दिसलेलं नाही, आणि वाढत्या पायाला महागडी वस्तू वर्षभरही पुरत नाही. पाय फारच कलंडलेला असेल, दोन पायांत फरक असेल, किंवा रेडिमेड नीट वापरूनही दुखणं तसंच राहिलं असेल तर मापाचे करा.

रेडिमेड हातात घेतल्यावर तो उलटा करा. खालून कमानीच्या भागात कडक कवच किंवा ईव्हीए नावाचा घट्ट, रबरासारखा फोम असावा, अंगठ्याने जोरात दाबल्यावर थोडा झुकावा पण सपाट होऊ नये. टाचेच्या जागी वाटीसारखा खोलगटपणा असावा. कलंडणारी टाच खरं तर ही वाटीच सावरते, लोक मात्र फक्त मधला उंचवटा बघून घेतात. मुलाला त्यावर अनवाणी उभं करा आणि विचारा, ‘उंचवटा कुठे लागतोय?’ तळव्याच्या मध्यावर, टाचेकडे झुकून लागला तर ठीक. चवड्याजवळ लागत असेल तर तो इनसोल त्याच्या पायाचा नाही.

मापाचे करताना फोमच्या मऊ खोक्यात पाय दाबून ठसा घेतात, किंवा प्लास्टर गुंडाळतात, किंवा स्कॅनर फिरवतात. आमच्याकडे खोकं होतं. मूल खुर्चीत बसतं, गुडघा काटकोनात. ऑर्थोटिस्ट एका हाताने घोटा सरळ धरून दुसऱ्या हाताने आधी टाच, मग चवडा, मग एकेक बोट फोममध्ये दाबतो. मुलाने जोर द्यायचा नसतो. पूर्ण वजन टाकून उभं राहून ठसा घेतला तर पायाचा कलंडलेला आकारच साच्यात उतरतो. माप घेताना बनवणारा घोट्याकडे बघतोय की मोबाइलकडे, त्यावरून बरंच काही कळतं.

बूट चुकला की इनसोल वाया

या टप्प्यावर सगळ्यांत जास्त पैसे बुडतात. इनसोल स्वतःहून काही करत नाही, त्याला धरून ठेवणारा बूट लागतो.

बुटाची मागची बाजू, टाचेच्या वर, दोन बोटांत दाबून बघा. ती सहज आत गेली तर बूट परत ठेवा. मग बूट टोकाला धरून वाकवा. तो बोटांच्या सांध्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर कामाचा नाही. टॉवेल पिळतात तसा पिळला जाऊ नये. वर लेस किंवा वेल्क्रो हवा. आतला मूळ सोल निघतो का हे दुकानातच बघा, कारण तो काढल्याशिवाय इनसोल बसवला तर टाच बुटाबाहेर येते. चिकटवलेला असेल तर आमच्या इथला मोची पाच मिनिटांत सोडवून देतो.

खरेदी संध्याकाळी करा, दिवसभराने पाय थोडा फुगलेला असतो. शाळेचे मोजे आणि इनसोल बरोबर न्या. गोखले रोडला किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये, कुठेही गेलात तरी दुकानदार ‘सोल नंतर घाला, बसेल’ म्हणेल. तिथेच घालून, मुलाला उभं करून, सगळ्यांत लांब बोटापुढे तुमच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा आहे का ते बघा. पूर्ण लांबीचा इनसोल कापावा लागला तर बुटाचा मूळ सोल वर ठेवून पेनाने आखा आणि फक्त बोटांच्या बाजूने कापा. टाचेकडून कधीही कापू नका, वाटी आणि उंचवटा दोन्ही जागेवरून सरकतात.

मुलींच्या शाळेच्या बक्कलच्या काळ्या बुटांचं काय करायचं? ते उथळ असतात, त्यात इनसोल मावत नाही. डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी घेऊन वर्गशिक्षिकांना द्या: वैद्यकीय कारणासाठी लेसचे काळे बूट घालू द्यावेत. रंग काळाच असला की सहसा अडत नाही. पीटीच्या दिवसाचे पांढरे कॅनव्हास पातळ असतात, त्याऐवजी घट्ट टाचेचे पांढरे स्पोर्ट्‌स शूज घालू द्यावेत, हेही त्याच चिठ्ठीत लिहून घ्या. दोनदा चकरा नकोत.

पहिले पंधरा दिवस

शाळा चालू असताना, तेही स्नेहसंमेलनाच्या तालमींमध्ये, नवे इनसोल सुरू करू नका. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी उत्तम.

पहिल्या दिवशी तासभर, मग रोज थोडं थोडं वाढवत दीड-दोन आठवड्यांत पूर्ण दिवसावर या. पहिले काही दिवस तळव्याच्या मध्यावर ‘काहीतरी टोचतंय’ असं मूल म्हणेल. ते स्वाभाविक आहे. रोज मोजे काढल्यावर पाय उजेडात बघा. दाबामुळे आलेली लाली वीस-पंचवीस मिनिटांत गेली तर ठीक. ती तशीच राहिली, फोड आला, किंवा घोट्याच्या आतल्या हाडाजवळ घासल्यासारखं दिसलं तर इनसोल काढून बनवणाऱ्याकडे परत न्या. तिथे अर्धा मिलिमीटर घासूनही फरक पडतो. मापाच्या इनसोलमध्ये अशी दुरुस्ती धरलेलीच असते, तिचे वेगळे पैसे घेणार का हे ऑर्डर देतानाच विचारा. नव्याने गुडघा किंवा कंबर दुखायला लागली तरी वापर थांबवून दाखवा.

दोन-तीन महिने नीट वापरूनही दुखणं हटलं नाही तर ‘अजून थोडे दिवस’ असं करत बसू नका. घोट्याच्या आत, थोडं पुढे, हाडाचा गोळा वर आलेला असेल आणि बूट त्यावर घासत असेल तर तिथे एक जास्तीचं हाड असू शकतं. निदानच नव्याने तपासायला लागतं.

घरात काय? काही नाही. आपण चपला दाराबाहेर काढतो हे या बाबतीत बरंच आहे. भारतातल्याच दोन डॉक्टरांनी १९९२ साली ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पायांच्या ठशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बूट-चपला वापरणाऱ्यांत सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के, आणि पूर्ण बंद बूट घालणाऱ्यांत प्रमाण सगळ्यांत जास्त. म्हणून मुलाला रस्त्यावर अनवाणी पाठवा असं मी म्हणत नाही, घोडबंदर रोडवर तर मुळीच नाही. पण घरी, गच्चीवर, खारघरच्या सेंट्रल पार्कच्या हिरवळीवर मोकळे पाय असू द्या. मल्लखांब, भरतनाट्यम असे अनवाणी प्रकारही सोडवू नका. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर ते पायाचे चांगले व्यायामच आहेत.

व्यायाम

फिजिओथेरपिस्ट दाखवतील ते करा. बहुधा पोटरी ताणणं सगळ्यांना सांगतात: भिंतीला हात, एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, पाऊल सरळ पुढे. तीस सेकंद, प्रत्येक पायाने तीनदा. पाऊल बाहेर वळलं तर ताण चुकीच्या जागी जातो, त्यामुळे लक्ष ठेवावं लागतं. शिवाय चवड्यांवर वर-खाली होणं आणि पायाच्या बोटांनी जमिनीवरचा नॅपकिन गोळा करणं. आमच्याकडे दात घासताना चवड्यांवर वर-खाली होतात, वेगळा वेळ काढला की आठवड्यात बंद पडतं. वजन जास्त असेल तर तेही बघावं लागेल. पायांवर पडणारा भार कोणताही इनसोल कमी करत नाही.

पावसाळा

जून ते सप्टेंबर हा इनसोलचा खरा शत्रू. बूट रोज भिजतात, आत पाणी राहतं, वास आणि बुरशी दोन्ही येतात. घरी आल्याबरोबर इनसोल बाहेर काढायचे, हे मुलाच्याच अंगवळणी पाडा. साध्या साबणाच्या पाण्याने पुसून पंख्याखाली सावलीत वाळवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. हीटरसमोर किंवा बंद गाडीत काचेमागे ठेवू नका, उष्णतेने आकार बिघडतो. वरचा थर चामड्याचा असेल तर पावसाळ्यात तो टिकत नाही, ऑर्डर देताना धुता येणारं आवरण मागा.

अनेक शाळा पावसाळ्यात सँडल चालवतात. त्यात इनसोल बसत नाही. दुखणं आटोक्यात असेल तर चार महिने मागे पट्टा असलेल्या, घट्ट टाचेच्या सँडलवर काढता येतात. जास्त त्रास असेल तर बूट एका पिशवीत नेऊन शाळेत बदलायचे.

किशोरवयीन मुलं

तेरा-चौदाच्या पुढे खरी अडचण वेगळी असते. इनसोल कपाटात आणि मूल बाहेर. ‘मित्रांना दिसतं’, ‘बूट जाड वाटतो’, ‘फुटबॉलच्या शूजमध्ये बसत नाही’. शेवटची तक्रार खरी आहे. स्टडचे बूट अरुंद आणि उथळ असतात, त्यांच्यासाठी पातळ, पाऊण लांबीचा, बोटांआधी संपणारा इनसोल मिळतो. थोरल्याला मी टर्फवर खेळायला तो दिला आणि शाळेच्या बुटात पूर्ण लांबीचा. पट्ट्याच्या चपलेवर क्लासला जाण्यावरून वाद घालणं सोडलं आहे. दिवसातले जास्तीत जास्त उभे तास आधारावर जावेत, एवढं बघते.

या वयात पालकांना पडणारा दुसरा प्रश्न भरतीचा. एनडीए, सैन्य, पोलीस अशी स्वप्नं असलेल्या घरांत सपाट पाय म्हटलं की पोटात गोळा येतो. सैन्याच्या अधिकारी भरतीच्या वैद्यकीय निकषांत लवचिक आणि ताठर पायांत फरक केलेला आहे. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसते, चवड्यांवर उड्या मारता येतात, धावता येतं, पाय लवचिक आहे आणि दुखत नाही, तर उमेदवार स्वीकारार्ह. ताठर, दुखरा, टाच बाहेर वळलेला पाय बाद. पोलीस आणि इतर भरतींचे निकष वेगळे असतात, त्या-त्या वर्षीची जाहिरात वाचा. वैद्यकीय तपासणी अनवाणी होते, त्यामुळे ‘भरतीआधी सहा महिने आमचे इनसोल वापरा, कमान येईल’ असं सांगणाऱ्याला हात जोडा. पोटरी ताणून मोकळी ठेवणं आणि चवड्यांची ताकद वाढवणं मात्र कामाला येतं.

बदलायचे कधी, थांबवायचे कधी

बूट एक-दोन साइझने वाढला की इनसोलही तपासून घ्या. वाढीच्या वयात हे साधारण सहा महिने ते वर्षभरात होतं. उंचवटा तळव्याच्या मध्यापासून टाचेकडे मागे राहिला, किंवा कडक भागाला भेग पडली, तर बदलायची वेळ झाली. पाय बरेच दिवस दुखत नसतील तर डॉक्टरांना विचारून सुट्टीत महिनाभर इनसोलशिवाय काढून बघता येतं. दुखणं परतलं नाही तर पुढची जोडी घ्यायची गरज नाही.

जुनी जोडी माळ्यावर जपून ठेवून धाकट्या भावंडाला द्यायची सवय आपल्याकडे आहे. गणवेश, दप्तर, सायकल जरूर द्या. इनसोल देऊ नका, अगदी साइझ जुळत असला तरी. वर्षभराच्या वापराने तो पहिल्या मुलाच्या पायासारखा बसलेला असतो.